बेदाणा शेडमध्ये जेनेटिक्सचे पिक्चर कसे दाखवायचे (माझ्या चुकांसकट)

पहिल्याच शोला मला मेन स्विच पाडून "लाईट गेली" म्हणून ओरडावं लागलं होतं, तर तिथूनच सुरुवात करतो. पिक्चर होता स्प्लाइस, २००९ चा. दोन शास्त्रज्ञ माणसाचा आणि जनावरांचा डीएनए एकत्र करून एक नवीनच जीव तयार करतात अशी गोष्ट, मी फक्त ट्रेलर बघितलेला, आणि म्हटलं बारावीला जेनेटिक इंजिनिअरिंग आहेच, पोरांना मजा येईल. शेडमध्ये पंधरा-वीस पोरंपोरी, मागं खुर्चीत आबा, शेजारच्या काकू पण स्वेटर घालून आलेल्या. पिक्चर पुढं सरकायला लागला तसं माझ्या लक्षात आलं की हे प्रकरण चारचौघांत बघण्यातलं नाही, आणि अजून तर अर्धा तास बाकी. उठलो, स्विच पाडला, अंधार. समोर रस्त्यापलीकडं डेअरीचा बल्ब मात्र लख्ख चालू. काकू म्हणाल्या, "सर, लाईट फक्त तुमच्याच शेडची गेली वाटतं."

तर पहिला नियम, जो पिक्चर दाखवायचाय तो आधी स्वतः शेवटपर्यंत बघा, एकट्यानं, ट्रेलरवर जाऊ नका.

मी तासगाव भागातला, घरची द्राक्षबाग आहे आणि संध्याकाळी अकरावी-बारावीच्या पोरांना बायो शिकवतो. दोन हिवाळे झाले हे शो करतोय. बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्याकडं पण करायचंय, नक्की काय काय करता, कुठला पिक्चर आधी लावता, म्हणून सगळं एकदा लिहून टाकतो. सांगली भागात असाल तर जसंच्या तसं चालेल. साताऱ्याकडचे असाल तर द्राक्षाच्या जागी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या, तिची पण रोपं बियांपासून नाही, रनरपासून (जमिनीवर सरपटत जाणाऱ्या फांदीपासून) करतात, बाकी फरक नाही.

जागा आणि वेळ

बेदाणा शेड यासाठी एक नंबर. फेब्रुवारी ते एप्रिल तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण बाकीचं वर्ष रिकामंच पडलेलं असतं. पावसाळ्यात करू नका, पत्र्यावर पाऊस आला की ओरडून सुद्धा ऐकू येत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत पण कुणी येणार नाही. डिसेंबर-जानेवारी बरा, थंडी असते, लोक शाल घेऊन येतात आणि एकदा बसले की उठत नाहीत. वेळ डेअरीला दूध घालून झाल्यावरची, साडेसातच्या आत सुरू केलं तर निम्मं गाव पेंगलेलं नसतं. पडद्याला पांढरी चादर दुहेरी करून रॅकच्या पाईपला ताणून बांधायची, चारी कोपरे बांधा, नाहीतर वाऱ्यानं डायनासोर हलतो आणि पोरं हसत सुटतात. प्रोजेक्टर एका दिवसाच्या भाड्यानं मिळतो, स्पीकर मात्र लग्नाच्या डीजेवाल्याकडून घेऊ नका, त्यात बोलणं कळत नाही नुसता दणका येतो. इन्व्हर्टर चार्ज करून ठेवा, लाईट खरोखरची पण जाते कधीकधी.

आणि एक, हे सगळं घरच्या-ओळखीच्या लोकांपुरतं आहे तोवर ठीक, पण तिकीट लावून किंवा मंडळाचा जाहीर कार्यक्रम म्हणून करायचं असेल तर त्या पिक्चरची रीतसर परवानगी घ्यावी लागते, ओटीटीचं आपलं घरचं अकाउंट त्यासाठी नसतं.

आधी काडी, मग पिक्चर

आता मुद्द्याचं. क्लोन हा शब्द पोरांना पिक्चरमधूनच माहीत असतो, म्हणजे काचेच्या टाकीत पाण्यात तरंगणारा अख्खा माणूस. हे डोक्यात घेऊन बसले तर पुढचं काहीच नीट बसत नाही. म्हणून मी पहिली पंधरा मिनिटं लाईट चालू ठेवतो आणि आबांना पुढं बोलावतो. आबा म्हणजे माझे चुलत आजोबा, पन्नासेक वर्षं कलमं करत आलेत. ते डॉगरीज ह्या जातीचा एक खुंट (म्हणजे खालचा, मुळांचा वेल) आणि सोनाका ह्या द्राक्षाच्या जातीची एक काडी घेऊन येतात, चाकूनं काडीला पाचरीसारखं तासतात, खुंटाला चीर देतात, काडी आत बसवतात, सालीला साल जुळली का बघतात, अंगठ्यानं दाबून पट्टी गुंडाळतात. दोन मिनिटांचं काम, पण पोरं अशी बघतात जशी पहिल्यांदाच बघतायत, घरी रोज चाललेलं असून.

मग मी विचारतो, आता हिला द्राक्षं कशी येणार? सगळी शेतकऱ्याची पोरं, लगेच सांगतात, काडी सोनाकाची तर द्राक्षं सोनाकाचीच, खुंट कुठला का असंना. मग झालं की, हाच क्लोन. बी नाही, नर-मादी नाही, एका वेलाचा डीएनए जसाच्या तसा दुसरीकडं. आणि बिनबियांच्या द्राक्षाला दुसरा रस्ताच नाही. तास-ए-गणेश, सोनाका, माणिकचमन ही सगळी मूळ थॉमसन सीडलेसच्याच वेलींमधून निघालेली, म्हणजे कुणातरी शेतकऱ्याला बागेत एखादा वेल किंवा एखादी काडी वेगळी दिसली, मणी लांब दिसला, त्यानं ती काडी ओळखली आणि तिचीच कलमं केली. काडीत आपोआप झालेला तो बदल म्हणजे म्युटेशन, आणि नंतर कलमं करणं म्हणजे क्लोनिंग. तास-ए-गणेश मधला तास म्हणजे तासगाव, हे सांगितलं की पोरांची छाती फुगते ती वेगळीच.

उसाची टिपरी तेच. हळद तर त्याहून भारी, आपल्या सांगलीच्या हळदीला धड बीच धरत नाही कारण तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळं पिढ्यानपिढ्या गड्डे लावूनच ती चाललीय. म्हणजे भंडारा उधळतो तो पण क्लोनचाच.

इथंच एक प्रश्न टाकायचा, मग सगळी बाग एकसारखी असण्यात तोटा काय? उत्तर पुस्तकातनं येत नाही, बापाच्या तोंडून ऐकलेलं येतं, डावणी (द्राक्षावरचा रोग) आली की सगळ्या बागेवर येते. एका वेलाला जे झेपत नाही ते कुठल्याच वेलाला झेपत नाही. हे एवढं डोक्यात बसलं की मग लाईट बंद करा.

पहिला पिक्चर मी क्लोनवरचा लावतो, पण अख्खा नाही. द आयलंड, २००५ चा, मारामारीचा आहे, त्यातला सुरुवातीचा तासभर पुरतो. श्रीमंत लोकांचे क्लोन करून ठेवलेत, मालकाचं काळीज बिघडलं की ह्याचं काढून घ्यायचं, असला प्रकार. त्यात क्लोन थेट मोठा माणूस म्हणूनच तयार होतो, तिथं थांबवा आणि विचारा, आबांनी आज कलम केलं तर उद्या घड लागेल का? हसतात सगळे. मग डॉलीचं सांगायचं. स्कॉटलंडमधली मेंढी, ५ जुलै १९९६ ला जन्मली, एका मेंढीच्या कासेतल्या पेशीचं केंद्रक, दुसरीचं केंद्रक काढून टाकलेलं अंडं आणि तिसरीच्या पोटात वाढ, असे २७७ प्रयत्न केले तेव्हा एक कोकरू जिवंत जन्मलं. कोकरूच जन्मलं, मेंढी नाही. आपल्याकडं हरियाणात कर्नालच्या संस्थेत २००९ ला म्हशीचं क्लोन केलं, तिचं नाव गरिमा, ती पण रेडकूच होती. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड, एवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं तरी चालेल.

याच विषयावरचा नेव्हर लेट मी गो (२०१०) खरं म्हणजे कितीतरी चांगला आहे, त्यात क्लोन लहान मुलं म्हणून शाळेत वाढतात, सावकाश, आणि म्हणूनच जास्त चटका लागतो. पण तो संथ आहे आणि शेवट अंगावर येतो. मोठ्यांना दाखवा. आमच्या पोरांनी वीस मिनिटांत मोबाईल काढले.

थाप पकडा

ज्युरासिक पार्क न दाखवून चालतच नाही. १९९३ चा, आपल्याकडं १९९४ ला हिंदीत डब होऊन आला तेव्हा मी चौथीत होतो, सांगलीला काकांच्या सायकलवर डबलसीट बसून गेलो होतो आणि परत येताना अंधारात उसाकडं बघायची हिंमत होत नव्हती, असो. हा हिंदीत मिळतो ही सगळ्यात मोठी सोय, कारण इंग्रजी सबटायटल आमच्याकडं चार पोरं सोडली तर कुणी वाचत नाही.

ह्याला मी खेळ लावलाय. प्रत्येकाच्या हातात पाच बेदाणे. पिक्चर खोटं बोलतोय असं वाटलं की "थाप!" म्हणून ओरडायचं, मी पॉज करणार, कारण सांगायचं, बरोबर असेल तर आणखी दोन बेदाणे, चूक असेल तर एक परत. सुरुवातीला नुसता गोंधळ होतो, कुणी डायनासोर दिसला तरी थाप म्हणतं. पण दहा मिनिटांत शिस्त येते आणि लोक असे कान देऊन बघायला लागतात की मला शिकवताना कधी तसं मिळालं नाही.

तुम्ही स्वतः तयार असाव्या अशा जागा सांगतो. डास डायनासोरचं रक्त पितो, झाडाच्या डिंकात अडकतो, डिंकाचा दगड होतो, त्यातून डीएनए काढतात. इथं पहिली थाप. हाडात टिकलेल्या डीएनएवर एक अभ्यास झाला होता, न्यूझीलंडच्या मोआ नावाच्या नामशेष पक्ष्याच्या हाडांवर, त्यात निघालं की साधारण ५२१ वर्षांत निम्मे दुवे तुटतात. मग आणखी ५२१ वर्षांत उरलेल्यातले निम्मे. डायनासोर जाऊन ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. आजवर मिळालेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडच्या थंडगार मातीतला, तो सुद्धा २० लाख वर्षांचा. दुसरं म्हणजे तो डिंक पिक्चरमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या खाणीतला दाखवलाय आणि तिथला डिंक मुळात डायनासोरच्या नंतरचा आहे, म्हणजे डास सापडला तरी त्याच्या पोटात डायनासोरचं रक्त असायचं कारणच नाही.

पण माझी सगळ्यात आवडती थाप वेगळी. एका ठिकाणी सांगतात की आम्ही ह्या जनावरांच्या जीन्समध्ये अशी गडबड करून ठेवलीय की त्यांच्या शरीरात लायसीन (प्रथिनांतला एक घटक) तयार होत नाही, आम्ही गोळ्या दिल्या नाहीत तर मरतील, त्यामुळं पळून गेली तरी भ्यायचं कारण नाही. इथं कुणीच थाप म्हणत नाही, दोन्ही वर्षी मलाच पॉज करावं लागलं. मग विचारायचं, आज जेवलात काय? वरण-भात, आमटी-भाकरी. का? तर भातात, ज्वारीत लायसीन कमी असतं, डाळीत भरपूर. आपल्या शरीरात लायसीन तयार होतच नाही, गाईच्या नाही, कुत्र्याच्या नाही, कुठल्याच जनावराच्या नाही, सगळ्यांना ते बाहेरूनच, बहुतेक करून खाण्यातूनच, घ्यावं लागतं. म्हणजे त्या शास्त्रज्ञांनी करोडो रुपये घालून डायनासोरला जे केलं ते निसर्गानं आधीच सगळ्यांना करून ठेवलेलं, डायनासोर बाहेर पडून एखादी डाळिंबाची बाग किंवा दुसरा डायनासोर खाल्ला की काम झालं. काकू म्हणाल्या, म्हणजे आमटीच घ्यायचं औषध झालं की.

आणि थाप नसलेली जागा पण दाखवा. तुटक्या डीएनएमधल्या मोकळ्या जागा बेडकाच्या डीएनएनं भरल्या असं ते सांगतात. बेडूकच का हे हास्यास्पद आहे, पक्षी जवळचे नातेवाईक असताना, पण जवळच्या प्राण्याचा डीएनए घेऊन त्यात बदल करायची कल्पना आज खरोखर वापरतात. २०२५ ला अमेरिकेतल्या एका कंपनीनं नामशेष झालेला डायर वुल्फ परत आणला म्हणून बातम्या आल्या, पोरांनी व्हॉट्सॲपवर बघितलेलं असतंच. तो आजचा करडा लांडगाच आहे, जीन्समध्ये २० ठिकाणी बदल केलेला. परत आणला म्हणायचं का नाही यावर पोरांना भांडू द्या, पाच मिनिटं, मध्ये पडू नका.

गॅटाका: ह्याला अख्खी संध्याकाळ द्या

एकच पिक्चर दाखवायची ताकद असेल तर हाच दाखवा. १९९७ चा, पावणेदोन तासांचा, मारामारी जवळपास नाही, एक-दोन ठिकाणी पुढं ढकलावं लागतं. नावातली अक्षरं म्हणजे डीएनएची जी, ए, टी, सी, आणि सुरुवातीच्या नावांमध्ये तीच अक्षरं वेगळी उठून दिसतात, हे आधी सांगू नका, कुणाला दिसतं का बघा. आमच्याकडं एका पोरीला दिसलं होतं, ती आता बीएस्सी करतेय.

गोष्ट अशी की पुढच्या काळात मुलं लॅबमध्ये निवडून जन्माला घालतात आणि जी नैसर्गिकरीत्या जन्मतात त्यांना चांगली नोकरी मिळत नाही. व्हिन्सेंट हा असाच, जन्मल्या जन्मल्या टाचेचं रक्त घेतात आणि नर्स सांगते की हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य ३०.२ वर्षं. त्याला अंतराळात जायचंय. मग तो दुसऱ्या एका चांगल्या जीन्सवाल्या माणसाचं रक्त, लघवी, केस वापरून तोच बनून नोकरीला लागतो, रोज सकाळी अंग घासून घासून स्वतःची कातडी काढतो की ऑफिसमध्ये आपला एक कण सांडू नये. संवाद इंग्रजी आहेत, मी पडद्याच्या बाजूला उभा राहून मराठीत सांगत जातो, कीर्तनासारखं. जमतं. आवाज थोडा कमी ठेवायचा एवढंच.

थांबायची जागा एकच पण ती चुकवू नका. व्हिन्सेंटचे आईबाप दुसऱ्या मुलाच्या वेळी डॉक्टरकडं जातात. चार गर्भ तयार आहेत, दोन मुलगे, दोन मुली. डॉक्टर यादी वाचतो, टक्कल नाही, चष्मा नाही, दारूचं व्यसन नाही, सांगितल्याप्रमाणे गोरा रंग. आईबाप जरा चुळबुळतात, म्हणतात काही गोष्टी नशिबावर सोडाव्या का. इथं पॉज.

आधीच चिठ्ठ्या कापून ठेवा. प्रत्येकाला एक द्या, वर लिहायचं, तुम्हाला असं निवडता आलं तर काय निवडाल, नाव घालायचं नाही. आमच्या डब्यात काय काय निघालं सांगतो: उंची, उंची, गोरा रंग, परत उंची, "पप्पांसारखी शुगर नको", "केस जाऊ नयेत" (हे अक्षर मी ओळखलं, आमच्या चुलत्याचं), "गणित", एका चिठ्ठीवर नुसतंच "काही नको". मग उंचीवर बोला, कारण तिथंच पिक्चर जरा सैल आहे. उंचीवर परिणाम करणाऱ्या डीएनएमधल्या जागा २०२२ पर्यंत सुमारे १२ हजार सापडल्यात. एक जीन फिरवला आणि पोरगं सहा फूट झालं असं होत नाही. गणिताची तर गोष्टच सोडा. याउलट थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार एका जीनवर असतो, तिथं गर्भाची तपासणी करून सांगता येतं आणि ते आजही करतात. पिक्चर दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकतो.

पहिल्या वर्षी मी एवढ्यावर पुढं जाणार होतो, पण मागून काकू म्हणाल्या, "म्हणजे तिथं पण मुलगाच मागितला की." खरंच. दोन मुलगे, दोन मुली समोर, आणि आईबाप म्हणतात मोठ्याला खेळायला भाऊ हवा. मी हा पिक्चर चार वेळा बघितला होता आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर शेडमध्ये जे बोलणं झालं ते मी कुठल्या पुस्तकातनं काढू शकलो नसतो. एक दादा म्हणाले, गाईला आम्ही आता कालवडच होईल अशी रेतनाची कांडी भरतो की, दहातल्या नऊ वेळा कालवड होते, त्यात काय वाईट? काही वाईट नाही, खोंडाला आता काम राहिलं नाही. मग मी दवाखान्याबाहेरच्या पाटीचं विचारलं, गर्भलिंग तपासणी केली जात नाही ही पाटी कशामुळं लागली? कायदा १९९४ चा, २००३ पासून तो गर्भ राहण्याच्या आधीच्या निवडीलाही लागू झाला, म्हणजे गॅटाकात जे डॉक्टर करतो त्यातलं मुलगा निवडणं आपल्याकडं गुन्हा आहे. आणि साताऱ्यातलं २०११ चं सांगितलं, नकुशा नाव ठेवलेल्या २८५ मुलींचं नवीन नाव ठेवायचा कार्यक्रम झाला होता, मुलींनी स्वतःला हवं ते नाव घेतलं. एवढं झाल्यावर शेडमध्ये थोडा वेळ कुणीच बोललं नाही. तुमच्याकडं पण असा वेळ येईल, तेव्हा लगेच प्ले दाबू नका.

आजाराचे पिक्चर जपून

पा (२००९) सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेला असतो, त्यामुळं दाखवायची गरज नाही, नुसतं बोललं तरी चालतं. अमिताभला झालेला तो प्रोजेरिया, एलएमएनए नावाच्या जीनमधल्या एका अक्षराच्या बदलामुळं होतो, २००३ ला ते सापडलं. लोकांना वाटतं आईबापाकडून आला, तर तसं जवळपास कधीच नसतं, तो बदल त्या मुलात नव्यानं झालेला असतो. हे मुद्दाम सांगा.

लोरेंझोज ऑइल (१९९२) मात्र दाखवाच, निदान पहिला तास. खरी गोष्ट, पाच-सहा वर्षांच्या पोराला एएलडी नावाचा आजार होतो, मेंदूतल्या नसांवरचं आवरण जातं, आईबाप दोघंही डॉक्टर नाहीत पण लायब्ररीत बसून स्वतः अभ्यास करतात आणि एक तेल शोधून काढतात, ओलिक आणि इरुसिक ॲसिडचं. (बेदाण्याच्या डिपिंग ऑइलच्या डब्यावर इथाइल ओलिएट लिहिलेलं असतं, पोरांनी विचारलंच, तर हो, ओलिक तेच, पण ते द्राक्षाला लावायचं, प्यायचं नाही.) पिक्चरमध्ये तेल म्हणजे जादू वाटते, तेवढी ती नाही, आजार अंगात भिनल्यावर तेलाचा उपयोग होत नाही.

यात एक जागा आहे, आईला कळतं की हा आजार आईकडूनच मुलाकडं जातो. तिथं ती कोसळते. आपल्याकडं हे वाक्य अर्धवट कानावर पडलं तर घराघरात सुनांचं काय होईल सांगायला नको, म्हणून तिथंच थांबून बेदाणे काढा. हिरवा बेदाणा म्हणजे चांगला एक्स, काळा मनुका म्हणजे बिघडलेला एक्स, शेंगदाणा म्हणजे वाय. आईच्या वाटीत एक हिरवा एक काळा, तिला स्वतःला सहसा लहानपणी काही होत नाही. बापाच्या वाटीत एक हिरवा एक शेंगदाणा. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एक-एक उचलायचा. शेंगदाणा आला तर मुलगा, म्हणजे मुलगा का मुलगी हे बापाच्या वाटीतून ठरलं. काळ्याबरोबर शेंगदाणा आला तर आजार. कुणी मुद्दाम काळा उचलला का? नाही. आईला ठाऊक होतं का काळा आहे म्हणून? नाही. आमच्याकडं एक मावशी तीन वेळा उचलून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

त्याच वाट्या थॅलेसेमियाला वापरता येतात, दोघांच्याही वाटीत एक हिरवा एक काळा, दोन्ही काळे आले तर मेजर, म्हणजे पुरता आजार, दर वेळी शक्यता चारात एक. आम्ही चाळीस वेळा उचललं तर अकरा वेळा दोन काळे आले, पोरांना दहाच का नाही आले म्हणून शंका, मग प्रोबॅबिलिटीवर अर्धा तास. इथं मामाच्या पोरीशी लग्नाचा विषय निघणारच, आपल्याकडं रीत आहे. न चिडता सांगा, सख्ख्या मामाच्या पोरीचा आणि आपला साधारण आठवा हिस्सा डीएनए एकसारखा असतो, त्यामुळं तोच काळा मनुका दोन्ही वाट्यांत असायची शक्यता वाढते, एवढंच, पोर आजारीच होईल असं नाही. लग्नाआधी एचबीए२ ची रक्त तपासणी करता येते, आपल्या वाटीत थॅलेसेमियाचा काळा आहे का ते त्यात कळतं, हे पण सांगून टाका. पत्रिकेबरोबर रिपोर्ट ठेवायचा, कुणी नको म्हणत नाही.

बाकीचे पटकन

द बॉईज फ्रॉम ब्राझील (१९७८), हिटलरचे क्लोन, ९४ घरांत वाढवलेले, बापाचं वय आणि स्वभाव पण तसाच शोधून. जुना आहे पण जीन्स का संस्कार ह्या वादाला ह्याच्याइतकं खाद्य दुसऱ्या कशात नाही. एळाम अरिवू (२०११), हिंदीत चेन्नई व्हर्सेस चायना, सूर्याचा. बोधिधर्माची विद्या वंशजाच्या डीएनएमधून जागी करतात. पोरांना प्रचंड आवडतो आणि थाप पकडायला सोन्याची खाण, पैलवानाचं पोरगं तालमीत न जाता कुस्ती मारेल का एवढं विचारलं की झालं. ओक्जा (२०१७), कंपनीनं तयार केलेलं मोठ्ठं डुक्कर आणि ते सांभाळणारी पोरगी, शिव्या आहेत. ह्यानंतर बीटी कापूस (२००२ पासून आपल्याकडं), बीटी वांगं (२०१० ला थांबवलं) ह्यावर शेतकरी आपोआप बोलायला लागतात. तुम्ही कुठल्या बाजूचे ते शेवटपर्यंत सांगू नका. द फ्लाय (१९८६) मला आवडतो पण जेवणानंतर नको. ह्यूमन नेचर (२०१९) ही क्रिस्परवरची (डीएनए कापून बदलायच्या तंत्रावरची) डॉक्युमेंट्री चांगली आहे, फक्त बारावीच्या हुशार पोरांना वेगळी बसवून दाखवा.

एका हिवाळ्यात चारपेक्षा जास्त शो करू नका. आणि शेवटी चहा ठेवा, खरं बोलणं चहाच्या वेळीच होतं, मी आता पातेलं प्रोजेक्टरच्या शेजारीच ठेवतो.

एका प्रश्नाची तयारी मात्र करून जा, मला नव्हती. डॉलीचं सांगून झालं होतं, पोरं चहा पीत होती, आबा कलमाची पट्टी उलगडून परत गुंडाळत बसले होते, म्हणाले, "ही काडी ज्या वेलाची तो चाळीस वर्षांचा. त्याच्या आधी दुसऱ्या वेलाची काडी होती. मग आज लावलेलं हे रोप एक दिवसाचं धरायचं का शंभर वर्षांचं?" मी डॉलीचं सांगितलं, तिच्या गुणसूत्रांची टोकं वयाच्या मानानं आखूड होती, सहा वर्षांची असताना फुफ्फुसाच्या आजारानं गेली, सगळ्यांना वाटलं क्लोन लवकर म्हातारे होतात, पण ज्या पेशींपासून तिला केलं त्याच पेशींपासून केलेल्या आणखी चार मेंढ्या नंतर चांगल्या धडधाकट म्हाताऱ्या झाल्या, २०१६ ला तपासून बघितलं. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेंढीचं असंल. वेलाचं विचारलं मी." आणि रोप उचलून, पिशवीला पाणी घालायला बाहेर गेले.